पॅडचं रफू

आप्पा, आज तुम्हाला लिहायला बसले आहे ते गाडी पॉलिश करायच्या पॅडबद्दल. हसू नका. "मार्कं लई पडत्यात म्हणं" एवढ्याच कारणावरून ज्या मुलीला तुम्ही संस्कृतला घातलंत, जी गेली वीस वर्षं टिळकवाडीतल्या शाळेत नववीच्या पोरांकडून संधी सोडवून घेते, ती हल्ली रविवार आला की बस पकडून निपाणीला जाते आणि तुमच्या धाकट्याच्या दुकानात गोल गोल पॅड कापत बसते. दुकान म्हणजे हमरस्त्याला लागून एक पत्र्याची शेड. गाड्या धुवायच्या आणि चमकवायच्या. उद्यमबागेतल्या गॅरेजात तुम्ही जन्मभर जे केलंत तेच तो करतो, फक्त त्याच्या बोर्डावर इंग्रजी नाव आहे आणि त्याचं स्पेलिंग चुकलेलं आहे. मी दाखवून दिलं, त्यानं ऐकलं नाही. तुमचाच मुलगा.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर बेळगावच्या एका वकिलांची काळी गाडी त्याच्याकडे आली. काळा रंग काय चीज असते ते तुम्हाला मी काय सांगायचं! धाकट्यानं मशीनला पॅड चढवलं, पॅड तापलं आणि बॉनेटच्या मधोमध रंग भाजला. पंज्याएवढा डाग. वकील ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांनी आमच्या वडिलांची गाडी केली होती. आरसा होता आरसा." धाकट्यानं बॉनेट नव्यानं रंगवून दिलं, पण त्या वाक्यानं तो जो खचला तो खचलाच. शटर ओढून घरी बसला. तीन दिवसांनी मला फोन आला, "आक्का, आप्पांचा हात काय मला आला न्हाय. दुकान बंद करतो, कुठंतरी नोकरी बघतो."

"हात असा वाटून येत नसतो रं," मी म्हणाले. "मला आधी ते पॅड दाखव."

मला पॅडमधलं काही कळत होतं अशातला भाग नाही. पण रोज वर्गात उभं राहून सगळं कळत असल्यासारखं बोलायची सवय लागलेली असते, ती अशा वेळी उपयोगी पडते. पुढच्या रविवारी गेले. त्यानं भंगारातून एक काळं बॉनेट आणलं होतं, तेवढ्यावर आमचं संशोधन सुरू झालं. माझी पहिली कल्पना आईच्या जुन्या सुती साड्यांची. शहापूरच्या मागावरचं सूत, वर्षानुवर्षं धुऊन लोण्यासारखं झालेलं, त्याच्या घड्या घालून मी पॅड शिवलं. मशीन चालू केलं आणि दोन मिनिटांत बॉनेटवर, धाकट्याच्या मिशीवर आणि माझ्या चष्म्यावर कापूस. "आक्का, गाडी चमकवायची हाय, गादी भरायची न्हाय," तो म्हणाला. मग मी खरोखरच गादीवाल्याकडून फोम आणला. त्याचे तुकडे शेडभर उडाले, एक शेजारच्या चहावाल्याच्या पातेल्यात पडला. तिसरी कल्पना मात्र टिकली. तंबाखूच्या दिवसांत निपाणीच्या हवेत कसली धूळ असते ते तुम्हाला ठाऊक आहे. नुसता श्वास घेतला तरी माणूस शिंकतो. ती धूळ खिळ्याला टांगलेल्या पॅडमध्ये जाऊन बसायची आणि रंगावर केसासारखे चरे उठायचे. मी प्रत्येक पॅडला स्वयंपाकघरातला जुना झाकणाचा डबा दिला. बाहेरून पीठ, डाळ, पोहे अशी जुनी चिकटपट्टी, आत पॅड. चरे गेले. भाजणं राहिलं.

शेवटी लोकरीचं पॅड लावून बघितलं. मशीन थांबल्यावर मी त्यावर हात ठेवला. कडेला कोमट, आणि मध्ये तव्यावरून आत्ता उतरलेल्या भाकरीसारखं. कडेला वारा लागतो आप्पा, मधल्या जागेचा जीव मात्र तिथल्या तिथं गुदमरतो. म्हटलं, मग ही मधली जागा ठेवायचीच कशाला? कात्री घेतली आणि रुपयाएवढा गोल कापून काढला. कापलेला तुकडा खाली पडला, त्या भोकातून मला माझंच बोट दिसलं, आणि मी तिथंच स्टुलावर बसले. हे भोक मी पूर्वी पाहिलं होतं.

मी आठवीत आहे. शिवणाच्या तासाला बाईंनी रफू शिकवलंय आणि घरात फाटकं काही सापडेना म्हणून मी कासावीस झालेय. मागच्या अंगणात दोरीवर तुमचं लोकरीचं पॅड वाळत घातलंय, त्याला बरोब्बर मध्ये भोक. मला वाटतं, उंदरानं खाल्लं. दोन दुपारी बसून मी ते जाड दोऱ्यानं असं बुजवते की बाईंनी पाहिलं असतं तर वहीवर 'उत्तम' असा लाल शेरा दिला असता. शनिवारी शाळा अर्धा दिवस, तुमचा डबा घेऊन मी उद्यमबागेत येते, तर एका पांढऱ्या गाडीपुढं गॅरेजचे मालक तुमच्यावर कडाडताहेत. बॉनेटवर पिवळट गोल उठलाय. "काय रं, डोळं गहाण ठिवलायस व्हय?" तुम्ही म्हणता, "चुकलं मालक." तेवढ्यात तुम्हाला मी दिसते, आणि तुम्ही हातातलं पॅड पाठीमागं लपवता.

संध्याकाळी मी सायकलच्या कॅरिअरवर. तुम्ही विचारता, "ते रफू तू केलंस व्हय गं?"

"व्हय आप्पा. उंदरानं खाल्लं होतं."

"टाकं लई नाजूक घातल्यास." चढ येतो, तुम्ही उतरून सायकल ढकलायला लागता. "पर पुढच्या येळी इचारून घाल."

एवढंच. मी रुसले. कष्टाचं चीज नाही असं वाटलं. आणि रुसव्यातच तुम्हाला सल्ला दिला, की मांजर पाळा. वर संस्कृतही ऐकवलं: मार्जार म्हणजे सतत स्वतःला पुसून लख्ख ठेवणारा. तुम्ही म्हणालात, "म्हंजे आमच्याच धंद्यातला की! त्याला इच्यार, पगार किती घेतोय." पुढच्या महिन्यात दोरीवर नवीन पॅड आलं, त्यालाही मध्ये भोक. आमच्या घरचे उंदीर फक्त मधलंच खातात, असा मी निष्कर्ष काढला.

आणि हे मला कधी कळावं? व्याकरणात लोप म्हणून एक गोष्ट असते. अक्षर तिथं दिसत नाही, पण त्याच्या नसण्यानं शब्दाचं काम होतं. वीस वर्षं मी हे शिकवते आहे. "जे नाही तेही काम करत असतं, लक्षात ठेवा," असं फळ्यावर खडू आपटून सांगते. आणि घरच्या दोरीवर वाळत घातलेला लोप मी दोऱ्यानं शिवून टाकला होता.

धाकट्याला यातलं काही माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो दुसरीत होता. त्याच्या लेखी तुमच्या हातून कधी गाडी बिघडलीच नाही. त्यानं माझ्या हातातलं पॅड घेतलं, मशीनला लावलं, भंगारातल्या बॉनेटवर दहा मिनिटं फिरवलं आणि भोकाच्या कडेवर हात ठेवला: नुसती कोमट. मग मी वकिलांना फोन केला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. हा पदाचा गैरवापर आहे, मान्य. म्हटलं, गाडीचं एक दार तेवढं द्या. ते आले, टळटळीत उन्हात हाताची घडी घालून उभे राहिले. धाकट्यानं पहिल्यांदा मशीन दोनदा चालू करून बंद केलं. मग मशीनचा आवाज एकसारखा झाला. पुसून झाल्यावर वकील वाकले, दाराजवळ तोंड नेलं, डावी उजवी मान करून बघितली आणि खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. म्हणाले, "उजवी बाजू कधी घेताय?"

धाकट्यानं नोकरीचा विषय पुन्हा काढलेला नाही. आता तो प्रत्येक पॅड मध्ये कापून घेतो, किती मोठं कापावं यावर माझ्याशी फोनवर भांडतो, आणि गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्ये आमच्या आक्काचं डोस्कं." काल मिठाईवाल्याकडून कुंद्याचा डबा घेऊन टिळकवाडीला आला. खाता खाता म्हणाला, "आक्का, खरं सांगू? रागावू नको. आप्पांना सुद्धा ह्ये सुचलं नसतं."

त्याला सांगायला हवं होतं. तुमच्या हातूनही एकदा गाडी भाजली होती आणि ती का भाजली, हे ऐकून त्याला किती हलकं वाटलं असतं! म्हणून तर आज हे सगळं लिहून काढलं. पण हे कागद त्याच्या हाती लागायला नकोत, म्हणून मी ते माझ्या संस्कृत रूपावलीच्या वहीत ठेवते आहे, जी तो जन्मात उघडणार नाही. तुमची लाज राखायला गप्प बसले, असं मी स्वतःला दिवसभर सांगून पाहिलं. तसं नाही आप्पा. त्याचं ते वाक्य ऐकायला मला फार बरं वाटलं. मी म्हणाले, "व्हय रं, न्हाय सुचलं असतं," आणि आणखी थोडा कुंदा वाढून घेतला.