छाप नसलेले पत्रे

ता. मंगळवेढा
दि. १२ मे २०२४

चि. यशपाल यास,

पारूआक्काचा अ. आ. व जयभीम. तीन दिस झालं फोन लावतीया, तू उचलंनास. म्हणून कीर्तीला समोर बसवून पत्र लिवून घेतीया. तुझी भाची माझं बोलणं सुधारून लिवाया बघती. मी म्हटलं, मामाला माझी बोली ठावं हाय, हाय तसंच लिव.

गुरुवारी सांजच्याला वारं सुटलं. आमी दोगी चुलीम्होरं हुतो. पत्रे आदी फडफडलं, मग चार पत्रे कागदागत फाटून उडालं. आमाला काय झालं न्हाय. पण शेजारची गोजाबाई मेंढरांच्या वाड्यात कोकरं झाकत हुती, एक पत्रा तितं जाऊन पडला. तिचा उजवा हात मनगटापाशी चिरला. मंगळवेढ्याला नेऊन टाकं घातलं. आतली नस तुटलीया म्हणं.

समदी वस्ती शंकरप्पाला बोल लावतीया. अक्कलकोटकडचा तो मिस्त्री, गेल्या दिवाळीत आपलं पत्रे त्यानंच बसवलं हुतं. तवा तो म्हणला हुता की बाई, पत्रा लई हलका हाय, बदलून आणा. म्या त्याला झिडकारलं. म्हटलं, माझा भाऊ सोलापुरात पत्र्याच्या दुकानात काउंटरवर बसतोय, तू मला शिकवू नगस. आता लोक म्हणत्यात की हुक नीट आवळलं न्हाईत. वस्तीवरची दोन कामं त्याच्या हातनं गेली. मीबी त्याला लई वंगाळ बोलले.

तर आता पत्रा कंचा घ्यावा ते तूच सांग. आमाला दुसरं कोण हाय इचारायला. जेवत जा येळेवर, आन् आक्काची सय ठेव.

तुझी,
पारूआक्का


भवानी पेठ, सोलापूर
दि. १८ मे २०२४

ती. पारूआक्का हिस,

यशपालचा शि. सा. जयभीम. पत्र मिळालं. फोन बिघडला होता. तुम्ही दोघी सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. कीर्तीचं अक्षर छान झालंय. तुझी बोली मात्र तिच्या अक्षरात वाचताना हसू आलं.

नव्या पत्र्याचं सांगतो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा घेऊ नकोस. पत्र्याच्या पाठीवर कंपनीचं नाव, जाडी आणि जस्ताच्या थराचा आकडा छापलेला असतो. तो छाप वाचल्याशिवाय पत्रा टेम्पोतून उतरवूच द्यायचा नाही. छाप नसेल तर तो कारखान्यानं नापास केलेला माल समजायचा. हुकाखाली रबराचा वॉशर हवा. कडेच्या ओळीला हुक जवळजवळ घ्यायचे, कारण वारा कडेनंच आत शिरतो.

गोजाबाईंना लवकर बरं वाटो. शंकरप्पाचं म्हणशील, तर वाऱ्यापुढं कुणाचं चालतं? त्याला आता जास्त बोलू नकोस. झालं ते झालं.

माझी काळजी करू नये. मायेत अंतर नसावं.

तुझा,
यशपाल


ता. मंगळवेढा
दि. २५ मे २०२४

चि. यशपाल यास,

अ. आ. व जयभीम. तुझं पत्र कीर्तीनं दोनदा वाचून दावलं. वस्तीवर समद्यास्नी सांगितलं की बघा, आमच्या यशपालला किती बारीक ठावं हाय. काल शंकरप्पा आपणहून आला. फाटका पत्रा उचलून मला दावत हुता. म्या बघितलं न्हाय. त्याला म्हटलं, गोजाबाईच्या हाताकडं बघ आदी. तो निघून गेला. गोजाबाईचं टाकं अजून ओलं हाईत. वर ताडपत्री बांधलीया, तवर भागतंय. तुझ्या जिवाला जप.

पारूआक्का

ता. क. यशपालमामा, इथून पुढचं आईनं सांगितलेलं नाही, मी माझ्या मनानं लिहितेय. पत्र्यावर छाप असतो असं तुम्ही लिहिलंत, म्हणून शिडी लावून उरलेले सगळे पत्रे पाहिले. एकावरही छाप नाही. शंकरप्पाकाका दाखवत होते ते मी पाहिलं. त्यांचे सगळे हुक छपराच्या लोखंडी अँगलला घट्ट आहेत, पत्राच हुकाभोवती फाटलाय. तुम्हाला एवढं सगळं माहीत होतं, तर तुमच्याच दुकानातून आम्हाला हे पत्रे कसे आले? आईला मी काही बोललेले नाही. ते तुम्हीच सांगावं असं वाटतं. — कीर्ती


भवानी पेठ, सोलापूर
दि. १ जून २०२४

ती. पारूआक्का हिस,

यशपालचा जयभीम. कीर्ती, हे पत्र आईला सगळं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

आक्का, शंकरप्पाची काही चूक नाही. ते पत्रे नापास माल होते आणि मला ते ठाऊक होतं.

मी काउंटरवर बसतो असं तुला सांगायचो, ते दिवाळीपर्यंत खोटं होतं. अकरा वर्षं मी गोदामात पत्रे उचलत होतो. दिवाळीआधी शेठनं छाप नसलेल्या मालाचा ट्रक आणला. जो हा माल खपवेल त्याला काउंटरवर बसवीन, असं सगळ्यांना म्हणाला. शहरातलं गिऱ्हाईक पत्रा उलटा करून बघतं, विचारतं. तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं. तेवढ्यासाठी मी तुला निवडलं. तुझ्या टेम्पोत माल मी माझ्या हातानं चढवला. चांगले पत्रे एका माणसाला एका वेळी दोनच उचलवतात. हे मी चार-चार उचलत होतो. हाताला तेव्हाच कळलं होतं.

मला खुर्ची मिळाली. तू फोनवर म्हणालीस की घर आता पक्कं झालं, यशपालमुळं झालं. मी व्हय म्हणालो.

फोन बिघडला नव्हता. वादळाची बातमी पेपरात वाचली होती. तुझं नाव दिसलं की मी फोन पालथा ठेवायचो. नंतर तू पत्र पाठवलंस, तर मी तुला चांगला पत्रा कसा ओळखायचा ते शिकवत बसलो. शंकरप्पाला वाचवायला एक ओळ पुरली असती, ती लिहिली नाही. कीर्तीनं विचारलं नसतं, तर आजही लिहिली असती की नाही, सांगता येत नाही.

काउंटर मी सोडलाय. पुढच्या रविवारी चांगले पत्रे घेऊन येतो. आधी गोजाबाईंकडं जाईन, मग अक्कलकोटला शंकरप्पाकडं. मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस.

आशीर्वाद मागायला तोंड नाही.

यशपाल


ता. मंगळवेढा
दि. ३० जून २०२४

चि. यशपाल यास,

अ. आ. व जयभीम. तू आलास तवा मी तुज्याशी बोलले न्हाय. ताट वाढलं, तेवढंच. तुजा राग हुताच, पण माजीबी लाज हुती. शंकरप्पानं मला दोनदा खरं सांगितलं आन् दोनदा म्या त्याला दारातनं हाकललं.

तू त्याच्या दारात गेलास तवा तो आत निघून गेला. म्हणून बुधवारी मी आन् कीर्ती यष्टीनं गेलो. त्याची बायको निंगव्वा, तिनं पाणी दिलं. शंकरप्पा अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत हुता. त्याचं म्हणणं एवढंच की माझी अब्रू तुमच्या वस्तीवर गेली, हितं माझ्या घरात माफी मागून ती कशी परत येईल. मला पटलं.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात उभी राहिले. गोजाबाईच्या धनगरवाड्यावरचं लोकबी बोलावलं हुतं. समद्यांच्या देखत सांगितलं की मिस्त्री खरा, माझा भाऊ खोटा, आन् मी आंधळी. तुझं नाव घेऊन मान ताठ करायची सवय हुती मला. त्या दिशी मान वर हुईना. एकेक जण उठला आन् चपला घालून गेला.

शंकरप्पा मंगळवारी आला. तू ठेवलेला प्रत्येक पत्रा उलटा करून त्यानं छाप वाचला, मगच वर घेतला. दोन दिसांत छप्पर केलं. च्या घेतला न्हाय. पण जाताना कीर्तीला म्हणला की वस्तीवरची ती दोन कामं आली माघारी.

काल दुपारी गोजाबाई येऊन बसली. तू माफी मागाया गेलास तवा पदराखाली हात झाकून ती बसली हुती, आठवतंय न्हवं? म्या भाकरी वाढली. डाव्या हातानं खाल्ली. उठताना म्हणली, भावाला पत्र धाडशील तवा लिव, दोन बोटं वळंनात अजून. म्या इचारलं, राग हाय का त्याच्यावर, तेबी लिवू का? म्हणली, ते नगं. बोटांचंच लिव.

म्हणून लिवलं.

येत जा.

पारूआक्का