पनवेलचा घाम, इंझोरीचं ऊन

पनवेल,
१८ एप्रिल २०२५

प्रिय धाकट्या बहिणीस, वच्छलास, दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुझं बोलणं मले आता ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. संघपाल आणि सूनबाई साक्षी माझं सारं करतात. नावं ठेवायले जागा नाही. पण इथलं ऊन म्हणजे वाफ. अंग पुसून टॉवेल ठेवत नाही तं पाठ पुन्हा ओली. बनियान दोन दोन दिवस वाळत नाही. मानेवर घामोळ्या उठल्या. कुलर लावला तं खोली आणखीच दमट झाली, म्हणून पोरानं एसी बसवला. बंद खोलीत माझा जीव गुदमरते. मी जिन्यात खुर्ची टाकून बसतो, अन् शेजारचे मले वळसा घालून जातात.

आपल्या इंझोरीच्या उन्हात माणूस भाजते खरं, पण सावलीत बसलं की सावली कळते. येत्या बुद्ध पौर्णिमेले मी येऊन राह्यलो. संघपालले सांगितलं नाही. तूही चुगली करू नको.

तुझा जिव्हाळा असाच राहू दे.
दौलत

इंझोरी,
२७ एप्रिल २०२५

आदरणीय दौलतदादास वच्छलाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. येऊ नको. पारा चव्वेचाळीसवर हाय. दहा वाजले की गल्लीत कोंबडी दिसत नाही.

मागच्या मे महिन्यात तू वावराच्या धुऱ्यावर पडला होता. अंग तव्यासारखं, घाम पार आटलेला, अन् मलेच माय म्हणून हाका मारून राह्यला होता. मी ओलं लुगडं तुह्या अंगावर टाकलं, शेजारच्या देवलानं ऑटो आणला, संघपालले फोन केला. मग संघपाल आला अन् तुले घेऊन गेला. त्याले मी एक सांगितलं नाही. भर दुपारी, वावरात विसरलेला विळा आणायले तुले मीच धाडलं होतं. मग मले राहवलं नाही, ‘राहू दे’ म्हणून मागून हाक मारली. तू वळला नाही. मले वाटलं, रागावला.

सांजची वंदना आता मी एकटीच म्हणून राह्यली. तू बेसूर होता, पण दोन आवाज तरी होते. तरीबी येऊ नको.

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नको.
वच्छला

पनवेल,
६ मे २०२५

प्रिय वच्छलास जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी हाक मले ऐकू आलीच नव्हती. कान तेव्हाच गेले होते. मी साऱ्यांपासून लपवून राह्यलो होतो. थकला म्हणून वावर सोडायले लावतील, याचं भेव. चूक माझी. तू वर्षभर काहून जळत बसली, वेडे?

पिशवी भरताना संघपालनं पाह्यलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, अन् मग तिथंच खाली बसून रडला. म्हणे, बाबा, देवलाचा तो फोन पुन्हा घ्यायची माझ्यात ताकद नाही. मी पिशवी रिकामी केली. साक्षीनं मधला मार्ग काढला. थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या की दोघं मले इंझोरीले आणून सोडतील, होळीपर्यंत.

पौर्णिमेले माझ्या वाटचं फूल तू वाहा. दादाले विसरू नको.
दौलत

इंझोरी,
१३ मे २०२५

लाडक्या दादास सविनय जयभीम. वि. वि.

काल विहारात तुह्या नावानं फूल वाहिलं. तुहं पत्र वाचून आधी रडू आलं, मग तू लपवलं म्हणून राग आला, अन् मग एकटीच हसली.

शेंगा भरायले सात महिने हायेत. एक गोष्ट तुले सांगते, संघपालले सांगू नको. तू गेल्यापासून मी बाराच्या उन्हातबी वावरात जायची. पडलीच तं कोणाचं काय जाते, असं वाटे. आजपासून नऊच्या आत घरी. भाऊ येणार हाय, तं मले जगायले पायजे.

पत्र धाडत राहा.
वाट पाहणारी,
वच्छला