सोफ्याची पांढरी कव्हरं

पालघर, रविवार, १४ डिसेंबर

डोकं अजून शांत होत नाहीये. इतकी वर्षं भाताचं गोदाम होऊन पडलेलं आपलं नाट्यगृह आज पुन्हा उघडलं, आणि मी लिहितेय कशाबद्दल? सोफ्यांबद्दल!

पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे, त्यावर पांढरीशुभ्र कव्हरं. सोफे रिकामे, आणि जवळच्या दांडी गावाहून आलेल्या कोळणी मागे भिंतीला टेकून उभ्या. त्यांच्यातल्या जनाकाकूंची सून आज पहिल्यांदाच नाटकात होती. दुसरी घंटा होऊन तास उलटला तरी नाट्यगृह समितीचे अध्यक्ष मला म्हणतात, "तिसरी थांबव. साहेब उमरोळीपर्यंत आलेत." उमरोळी तर पुढचंच स्टेशन, तासभर तिथेच?

इथे पूर्वी बाबा घंटा द्यायचे, आता मी. वेळ झाली की तिसरी घंटा, मग बाहेर कोणी का असेना. एकदा खुद्द नाट्यगृहाचे मालक बाहेर राहिले होते.

शेवटी काकू ओरडल्या, "पोरी, खेल हाय का नाय? आमाला पाहाटं बंदरावर जायाचं हाय!"

दाबलं मी तिसऱ्या घंटेचं बटण. पडदा वर जायच्या आत त्या बायकांना पुढे बोलावलं. काकू सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि सून रंगमंचावर आली तेव्हा रडल्या.

आत्ता जेवताना अध्यक्षांचा फोन. माफी माग म्हणे. आणि कव्हरांना मासळीचा वास लागलाय म्हणे. नाटकाबद्दल एक शब्द नाही! "साहेब आले का शेवटी?" विचारलं, तर फोनच ठेवला.

लागू दे वास. त्या सोफ्यांवर कोणीतरी बसलं होतं, एवढं तरी कळेल.