पुलावरची दुसरी उडी

प्रिय बाबा,

फोनवर पुलाच्या सिनेमाचा विषय काढला की तुम्हाला लगेच दुकानात दुरुस्तीला आलेली एखादी सायकल आठवते आणि फोन बंद होतो. म्हणून लिहितेय.

जुन्या फिल्मा दुरुस्त करायचं माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे तोच सिनेमा आला. शत्रूच्या मुलखातला लाकडी पूल उडवायला निघालेले नऊ सैनिक, आणि परतणारे फक्त दोन. डब्यांत कधीच न वापरलेले तुकडेही होते. तेव्हा तुम्ही हिरोच्या जागी धोक्याच्या उड्या मारायचात. मी आठ वर्षांची असताना तुम्ही त्याच्या साई कुंग इथल्या शूटिंगवरून भरदुपारी घरी आलात आणि पुन्हा कधी गेला नाहीत. त्या दिवशी काय झालं, हे कुतूहल मला चौतीस वर्षं आहे. आई एवढंच सांगायची, "तुझे बाबा घाबरले. त्यांच्या जागी त्यांच्या जोडीदाराने, तिमकाकांनी उडी मारली आणि कंबर मोडून घेतली." लाल पाकिटाचंही तिनेच सांगितलं. पडद्यावर मरणाऱ्याचा अपशकुन उतरावा म्हणून शॉटनंतर पैसे घातलेलं ते पाकीट देतात. तुम्ही हट्टाने आधीच मागून घेतलंत, आणि पुलावरून उतरून खिशात तसंच घेऊन आलात. तिमकाकांचं रक्षण आपण पळवलं, असं तुम्ही मनाशी धरून बसलात. त्यांना बघायला हॉस्पिटलातसुद्धा गेला नाहीत.

मी ते तुकडे एकेक चित्र थांबवून पाहिले. तेव्हा आवाज नंतर भरायचे, त्यामुळे सगळं मुकं. कठड्यावर हिरोच्या गणवेशात तुम्ही. पुढे होता, खाली बघता, पुन्हा मागे सरता. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला तो माणूस घाबरलेला पाहून मला त्याचा हात धरावासा वाटला. मग तुम्ही उतरता. पुढच्या तुकड्यात त्याच गणवेशात तिमकाका. उडी मारतात, खाली रचलेल्या खोक्यांवर पडतात, आणि बाबा, उठतात! दात काढून हसतात. कुणीतरी त्यांच्या हातात लाल पाकीट कोंबतं. त्यानंतर कॅमेऱ्यासमोर धरलेल्या टेकच्या पाटीवर दोनचा आकडा.

दोन? दुसऱ्यांदा कशासाठी? मला राहवेना. पत्ता शोधून शाम शुई पो भागातल्या त्यांच्या घरी गेले. काठी टेकत दार उघडलं त्यांनी. प्रश्न ऐकून आधी हसले.

"अगं, पहिल्या उडीत टोपी उडाली! हिरोच्या डोक्यावर जंगल आणि माझ्या डोक्यावर विमानतळ. दिग्दर्शक ओरडला, पुलावरून खाली येईतो केस गळले काय रे तुझे? मग दुसऱ्या खेपेला मी एका हाताने टोपी दाबून धरली. पडताना दोन्ही हात मोकळे लागतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण टोपी जागची हलली नाही हं! सिनेमात तीच उडी आहे."

म्हणजे तुमच्या जागी मारलेली उडी सुखरूप झाली होती. कंबर मोडली ती दुसऱ्या उडीत, टोपीपायी. पाकीटही त्यांना मिळालं होतं. पण मी तुमचीच मुलगी. म्हटलं, काका, बाबा म्हणतील, माझे केस दाट होते, माझी टोपी उडाली असती तरी चाललं असतं, दुसरी उडी लागलीच नसती.

"एवढा केसांचा माज होता तर हिरोच व्हायचं होतं गाढवाने!" काका म्हणाले. "सांग त्या मान आत ओढून बसलेल्या कासवाला." मग काठीची मूठ चोळत म्हणाले, "कंबर दुखायची सवय झाली मला, पोरी. तो आला नाही, याची नाही झाली."

बाबा, येत्या मंगळवारी तिमकाका मुलीकडे टोरांटोला चाललेत, कायमचे. पंच्याहत्तरी उलटली आहे, परत येणार नाहीत. रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या नेहमीच्या चहाघरात मी तिघांचं टेबल सांगून ठेवलंय. त्यांची एक अट आहे. "चहा त्याने ओतायचा. माफीचा म्हणून एक कप मी पिईन, त्याउपर माफीचा एक शब्दही बोलला तर उठून जाईन." तुम्हाला काहीच बोलावं लागणार नाही. फक्त किटली उचलायची आहे. तुमच्या चेउंग चाऊ बेटावरून साडेनऊची बोट धरा. धक्क्यावर मी उभी असेन.

तुमचीच,
स्युत-यी