ढवळायची काठी

३ तारीख, सोमवार
आणि वर मला म्हणतो, "मावशी, ती काठी तेवढी फेकून द्या, फार घाण झालीय." घाण! त्याच्या बापानं ती काठी माझ्या हातात दिली तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता. आज मालक झालाय. एकोणीस वर्षं या रंगाच्या दुकानात मी डबे ढवळले, निम्म्या गावाच्या भिंती माझ्या हाताखालून गेल्या. आता मशीन आलंय. डबा कवटाळतं, गदागदा हलवतं, दोन मिनिटांत मोकळं. महिनाअखेरपर्यंत या, मग आराम करा, म्हणाला. आराम! मी काय आजारी आहे?

५ तारीख, बुधवार
काठी घरी आणली. नणंद म्हणे, वहिनी, लोक नोकरी सुटताना घड्याळ आणतात, तू दांडकं आणलंस. हे गेल्यापासून आम्ही दोघीच. तिच्या जिभेला धार लावायला मीच सापडते.

६ तारीख, गुरुवार
घरचं दार सारखं आपटतं. काठी कापून पाचर करावी म्हणून दुकानाशेजारच्या सुताराकडे गेले. एकटा जीव, तोंडात कायम चार खिळे, त्यामुळे बोलणं म्हणजे मान हलवणं. पांढऱ्याची काठी वेगळी असते, पण बाकी सगळे रंग मी हिनंच ढवळले. डब्याच्या काठावर निपटायची, कोपऱ्यात वाळत ठेवायची, खरवडायची कधी नाही. टोक वाढत वाढत मनगटाएवढं झालं.

करवत फिरली, चकती पडली. अहो एवढा वेळ लागतो का, असं म्हणणार होते – तेवढ्यात चकती उचलून बघितली.

आत गोल गोल रेघा. निळी, पिवळी, तपकिरी, गुलाबी – कांद्याचे पापुद्रे असावेत तशा, केसाएवढ्या बारीक. मधोमध लाकडाचा डोळा. तळ्यात खडा टाकावा आणि पाणी तसंच थांबून राहावं! सुतारानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. मग तेलाचं बोट फिरवलं, आणि सगळे रंग पुन्हा ओले झाले.

पाचर राहिली. आपटू दे दार.

७ तारीख, शुक्रवार
आज घरातल्या एकेका वस्तूकडे बघत बसले. साबणाची वडी हाताच्या खळग्यासारखी झिजलीय. झाडू एका बाजूला कललाय, माझ्याच मनगटाच्या कलानं. पितळी कडीला जिथं बोट लागतं तिथंच सोनं. कुणी ठरवून केलेलं नाही. इतकी वर्षं यांना नुसतं राबवलं, यांचं तोंड म्हणून कधी बघितलं नाही.
दूध उतू गेलं.

९ तारीख, रविवार
चकती उजेडात धरून वाचली. अगदी आतली फिकट निळी – शाळेच्या खिडक्या. विटकरी पुलाच्या कठड्याचा, तीन महिने तेवढाच ढवळत होते, म्हणून तो पट्टा जाड. वाणिणीनं सातदा बदलून नेलेला गुलाबी. त्या घरांत मी कधी पाऊल टाकलं नाही, आणि सगळी घरं इथं माझ्या तळहातावर!

पण एक शेवाळी हिरवा मधेमधे येतो. थोड्या रेघा गेल्या की पुन्हा तोच. टाचणीनं मोजल्या. छत्तीस. हा रंग गावात कुणी लावत नाही. नेणारा एकच – सुतार. अठरा वर्षं, वर्षातून दोनदा, एक लिटरचा डबा. मी खेकसायचे, पुन्हा हिरवा? एवढा फासता कुठं? तो खिळ्यांआडून हसायचा आणि ढवळून होईपर्यंत उभा राहायचा. आटपते लवकर म्हटलं, की एकच शब्द – सावकाश.

त्याच्या दुकानात हिरवी खुर्ची नाही, हिरवं दार नाही, काही नाही. मग?

११ तारीख, मंगळवार
मला कोडी जमत नाहीत. सरळ आत गेले आणि मागच्या फळ्या बघितल्या. डबे. ओळीनं, सगळे हिरवे. छत्तीस. एकही उघडलेला नाही. झाकण बसवताना मी मारते ते तीन तीन ठोके जसेच्या तसे.

तो रंधा हातात धरून उभा, कान लाल. विचारलं, हिरवाच का?

"तो तळाला बसतो, बाई. ढवळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो."

मी तशीच परत आले. चपला त्याच्या उंबऱ्यापाशीच राहिल्या.

१२ तारीख, बुधवार
नणंदेला सांगितलं, आता काय करू म्हणून विचारलं. म्हणाली, अख्ख्या गल्लीला माहीत होतं, वहिनी, तुलाच वेळ नव्हता. भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली, मला काय विचारतेस?

आणि महिना संपला की मी त्या टेबलामागं नसणार. मशीनकडं बघत का उभा राहणार आहे तो?

१३ तारीख, गुरुवार
चपला आणायला गेले. म्हटलं, खिळे काढा तोंडातले. काढले. म्हटलं, सदतिसावा डबा मिळायचा नाही. यापुढं मला बघायचं तर लग्न करून, घरात, रोज. नणंद माझ्यासोबत येईल. उघडतील तेवढे डबे उघडा, मी ढवळते, घर हिरवं करू. हो की नाही ते रविवारी सकाळी दहाच्या आत सांगायचं. आणि सावकाश म्हणायचं नाही.