भट्टीच्या विटा रुमियातीला

मी सुकेंती, दिवंगत कार्सिदी यांची पत्नी, धंदा काचकाम, राहणार क्लातेन, जावा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, म्हणून अक्षर वाकडे. दडपण कोणाचेच नाही. थकवा मात्र पुष्कळ आहे.

१. राहते घर मुलगा विद्यांतो याला. तो बातामच्या गोदीत रमला आहे, इकडे फिरकेल असे वाटत नाही. निदान कौले तरी वेळेवर शाकारून घ्यावीत.

२. काचेची भट्टी, पंखा आणि फुंकनळ्या सून रुमियाती हिला. भट्टीपुढे माझ्याबरोबर तीच भाजून निघाली. या वस्तू दुकानात मिळाल्या नाहीत. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या बॉयलरच्या विटा कार्सिदींनी आणि मी बोटाने वाजवून निवडल्या. खणखणीत वाजली ती घेतली, बद्द वाजली ती टाकली. पंखा जवळच्या चेपेर गावातल्या ओतशाळेने भंगारात काढलेला. नळ्या दूध डेअरीच्या जुन्या पाइपांच्या. त्यांची तोंडे मी कानशीने घासली, तरी पहिले वर्षभर ओठ सोलवटत होते.

३. भट्टीखालची जागा दीर पर्योतो याची आहे. जागेवर उभे ते आपले, असे तो गावभर सांगतो. भट्टी पेटवली त्या दिवशी पिवळ्या भाताचा ढीग रचला, दुआ झाली, आणि सरपंचांना पेले दाखवायच्या घाईत यानेच गरम पेले हळूहळू निववायच्या पेटीचे झाकण वेळेआधी उघडले. गार वारा लागून सगळे पेले तडकले. वर याने सांगितले की वहिनी भाताच्या टोकावर मिरची लावायला विसरली, म्हणून अपशकुन झाला. मिरची लावली होती. आता भांडायचे त्राण नाही, म्हणून इथे नोंदवते.

सबब, मी गेल्यावर भट्टी पाडून विटा रुमियातीच्या माहेरच्या अंगणात न्याव्यात. हे ऐकून ती रडली.

"आई, तुम्ही बांधलेली भट्टी मी माझ्या हातानं पाडू?"

"पाड. आधी कमानीखाली लाकडी साचा लाव, मग मधली वीट काढ. पाडताना कळेल कशी बांधायची ते."

मला ती पडलेली बघवणार नाही. म्हणून मेल्यावर.

४. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. पर्योतोला काहीच मिळत नाही, म्हणून त्यालाच बोलावले. एकदा सही केली की उद्या हक्क सांगता येणार नाही. सरपंचांनी त्याला इथवरचे सगळे वाचून दाखवले. मला वाटले, कागद भिरकावून देईल. त्याने तो परत माझ्यापुढे सरकवला.

"वहिनी, भट्टी गेली तर संध्याकाळी मी कुठे बसू?"

इतकी वर्षे तो तिथे जागेवर नजर ठेवायला बसतो, असेच मी धरून चालले होते. मला वाईट वाटले.

"रुमियातीकडे जाऊन बस," मी म्हटले. "चहा तीही करते."

मग त्याने पेन मागितले.

लिहून देणार: सुकेंती
साक्षीदार: १. मार्सुदी, सरपंच २. पर्योतो, दीर
क्लातेन, १४ ऑगस्ट २०११