चौथी नळी

३ फेब्रुवारी १९९७, बारामती

आले एकदाची. मुंबईहून निघताना मैत्रिणींनी असा निरोप दिला, जणू मी परत येणारच नाही. इथे येऊन पाहते तर रुंद रस्ते, वेळेवर एसटी आणि तोंडाला मिठी बसेल इतका गोड चहा. कारखान्यांच्या मुलखात साखरेला हात आखडता कोण घेणार?

आमचं केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या, एक फ्रिज, एक लांब बाक आणि शकुबाई. शकुबाई मदतनीस, पण पहिल्या तासातच ती माझी वरिष्ठ झाली. उपाशीपोटी दुसऱ्याचं रक्त काढू नये म्हणाली, पिठलं-भाकरी पुढ्यात ठेवली आणि ताट रिकामं होईपर्यंत हलली नाही.

काम मनासारखं आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण शोधायचे, त्यांच्या सख्ख्या भावंडांचं रक्त घ्यायचं आणि कुणाचं जुळतं ते पाहायचं. जुळलं, तर त्या भावंडाच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, मुंबईच्या रुग्णालयात रुग्णाला देतात. रुग्णाचा स्वतःचा मगज आधी औषधांनी पार मारून टाकायचा, मग नवा शिरेतून सोडायचा. त्यातल्या मूळपेशी कुणी न सांगता हाडांची वाट शोधतात आणि तिथे संसार थाटतात. सात वर्षं यात काढली, तरी मला याचं नवल वाटायचं थांबत नाही.

ही तपासणी जिवंत पेशींवरच होते, म्हणून नळ्या थर्मासमध्ये घालून त्याच दिवशी मुंबईच्या एसटीने पाठवायच्या. मेलेल्या पेशी काहीच सांगत नाहीत.

माझी एक खोड इथेही चालणार: मला चेहरे लक्षात राहत नाहीत, शिरा राहतात. वॉर्डात चादरीबाहेर नुसता हात दिसला तरी मी नाव सांगायचे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाजारचा दिवस, म्हणून माणसं ढीगभर. एकेचाळीस हात झाले.

त्यात सणसरचा महिपती. वय बावीस, उसाचा ट्रॅक्टर चालवतो, आणि आजार आपला नसून ट्रॅक्टरचा असल्यासारखा मला दुरुस्तीला किती वेळ लागेल ते विचारतो. मगज बदलला नाही तर दोन वर्षं, फार तर तीन. त्याला ते सांगितलं आहे. तो म्हणाला की येत्या दिवाळीत लग्न ठरतंय, तेवढं बघा. पोरगा मला फार आवडला. हा जगलाच पाहिजे असं मी ठरवून टाकलं आहे.

त्याची आई भागूबाई सोमवारीच येऊन माहिती देऊन गेली होती. लेकरं किती विचारलं, तेव्हा तिने बोटांवर मोजली: साखरबाई, दादासो, नकोशी, महिपती. नकोशी चोवीस वर्षांची. मुलगी नको होती म्हणून असं नाव ठेवतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण कागदावर स्वतःच्या हाताने लिहिताना राग आला.

गर्दीत वेळ वाचावा म्हणून मी यादीवरून नळ्यांवर आधीच नावं घालून ठेवते. एका घराच्या नळ्या एका रबरात. शकुबाई बाकावरून माणूस आत सोडते, मी मान खाली घालून काम करते. सणसरच्या चारही नळ्या भरल्या. चौथा हात लक्षात राहिला: बारीक, गारठलेला, कोपराखाली शीर दोनदा फाटलेली आणि फाट्याच्या मधोमध तांदळाएवढा भाजल्याचा डाग. शीर पहिल्याच टोचणीला मिळाली.

२४ फेब्रुवारी

मुंबईहून निकाल आला. साखरबाई नाही, दादासो नाही. नकोशी तंतोतंत.

मी खुर्चीवरून उठून शकुबाईला मिठी मारली, ती लाजून लाल. ज्या मुलीला कुणी नको म्हणालं, तिच्याच जिवावर भाऊ जगणार. घरी पत्र टाकलं, मोठ्या अक्षरात: नकोशी हिने भावाच्या उपचारासाठी मुंबईस यावे, येण्याजाण्याचा खर्च आम्ही करू. पेढे वाटले.

२७ मार्च

महिपती दादासोला घेऊन मुंबईला गेला, त्याला बारा दिवस झाले. औषधांचा मारा काल पुरा झाला. त्याचा मगज आता मेला आहे. उद्या नवा द्यायचा.

नकोशीला सोबत करावी म्हणून आज सणसरला गेले. भागूबाईने पाणी दिलं, मग मला देव्हाऱ्यापाशी नेलं. तिथे चांदीचे टाक मांडलेले होते, म्हणजे देवांचे आणि घरातल्या मेलेल्या माणसांचे उमटवलेले छोटे पत्रे. शेवटचा टाक एका मुलीचा. त्याच्याशेजारी माझं पत्र, हळदकुंकू लावलेलं.

नकोशी सातव्या वर्षी तापाने गेली.

मी विचारलं की मग मला चार लेकरं का सांगितली. भागूबाई शांतपणे म्हणाली, "टाकात बसवलेलं लेकरू मोजताना गाळायचं न्हाय, बाई. गाळलं की ते फिरतं. तुमी लेकरं किती इचारलं, मी चार सांगितली."

मग न विचारता बाकीचंही सांगितलं. ताप दोघांनाही होता. सायकल एकच. बापाने महिपतीला पुढे बसवून दवाखान्यात नेलं, आणि हिला सांगितलं की तू थांब, मागनं येतो न्यायला. ती उंबऱ्यावर बसून राहिली. न्यायला कुणी गेलं नाही.

माझं पत्र साखरबाईने टाकापुढे मोठ्याने वाचून दाखवलं होतं. रीत म्हणून. जिचं बोलावणं तिला पोचलं, म्हणून घरच्यांनी मला वेगळं काही कळवलं नव्हतं.

परत येऊन शकुबाईला विचारलं. त्या दिवशी तिने सणसरची तीनच माणसं आत सोडली होती. मेलेल्या पेशी काही सांगत नाहीत, पण चौथ्या नळीने सगळं सांगितलं होतं.

२८ मार्च

सकाळी एसटीडी बूथवरून वॉर्डात फोन लावला. मगज देणारी बहीण आली नसेल, असं मी म्हणाले. परिचारिका हसली. म्हणाली, सोमवारपासून इथेच आहे, बोलत नाही, वयापेक्षा लहान दिसते, खिडकीशी बसून राहते. संमतीच्या कागदावर अंगठा दिलाय.

दादासोला फोनवर बोलावलं. तो म्हणाला, आमची बाईमाणसं कुणी आली न्हायती. मागून परिचारिका म्हणाली की आत्ताच तर ती याच्या शेजारून गेली.

थांबवा म्हटलं की थांबवतील. पण महिपतीच्या हाडांत आता काहीच नाही. आज मगज मिळाला नाही तर पंधरा दिवसांत साध्या सर्दीने जाईल. दुसरं कुणी जुळत नाही.

मी फोन ठेवला. बूथवाल्याने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

१७ एप्रिल

पेशी वाढू लागल्या. मुंबईत सगळे खूष. इतका झटपट रुजलेला मगज पाहिला नाही म्हणतात.

मला आनंद व्हायला हवा. भीती वाटते. नुसती भीती.

५ मे

तपासणी आली. महिपतीच्या रक्तातल्या वीसपैकी वीस पेशी स्त्रीच्या. पुस्तकाप्रमाणे हे यशच. बहिणीचा मगज, बहिणीच्या पेशी.

तळहात-तळपाय सोलले जात आहेत. हेही पुस्तकात आहे: नवा मगज कधी कधी राहत्या घरालाच परकं मानतो आणि त्याच्यावर उलटतो. त्यासाठी त्याला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या. डोस वाढवला आहे.

सगळंच पुस्तकात आहे. पुस्तकात तिचं नाव नाही.

११ जुलै

महिपती सणसरला आला. पाहायला गेले. ट्रॅक्टरकडे बघितलंही नाही त्याने. उंबऱ्यावर बसला होता. आत ये म्हटलं तरी येत नव्हता.

भागूबाई ताट घेऊन बाहेर आली. त्याने तिच्याकडे बघून, अगदी सावकाश विचारलं, "आये, माझं नाव नकोशी का ठिवलं?"

ताट पडलं. मी तिथेच उभी होते. मी, जिने यादी केली —

१५ जुलै

रक्तात औषधच नाही. दोनदा तपासलं.

भागूबाईला विचारलं. गोळ्या तिने देव्हाऱ्यामागे दडवल्या आहेत. सांगितलं की गोळ्या थांबल्या तर मगज त्याला खाऊन टाकेल, तुमचा महिपती जाईल. हात जोडले. ती रडत नव्हती.

"गोळी दिली तर ती मरती, न दिली तर तो. एकदा तिला मागं ठिवली, बाई. आता दुसऱ्यांदा मी न्हाय म्हणायची न्हाय."

 

१९ जुलै

मुंबईला कळवलं, रुग्णाला परत दाखल करून घ्या. काय कारण लिहू, त्यांनी विचारलं. मी —

ते म्हणाले आकडे उत्तम आहेत. डॉक्टर, तुम्हीच रजा घ्या.

२२ जुलै

आला आहे. बाकावर बसलाय. दारात भागूबाई. शकुबाई हाक मारत नाही, पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी.

मीच हाक मारली. महिपती. उठला नाही. पुन्हा मारली. नाही.

दुसरं नाव मी उच्चारलं नाही. नुसतं मनात आलं — उठून आत आला.

हात टेबलावर. गार. चेहऱ्याकडे मी बघत नाही. ट्रॅक्टर चालवून रापलेला तो हात कुठे —

शीर शोधावी लागली नाही. कोपराखाली दोनदा फाटलेली. मधे डाग. तांदळाएवढा —

महिपती, मी तुला —

नळी रिकामी आहे. आज आधी नाव घातलेलं नाही. तो थांबलाय. मी नाव लिहायची वाट बघत. त्याचं लिहिलं तर हात मागे घेतो, दोनदा घेतला. तिचं लिहिलं तर तो — मग तो कुठेच —

भागूबाई दारातून म्हणते लिवा.

पेन माझ्याच हातात आहे, पण अक्षर